पुराव्याविना

नवरा, सासू, सासरे, तिघंही खासगी गुप्तहेर. घरात कुणी कुणाला विचारायचं नाही, पुराव्यानिशी शोधायचं, असा शिरस्ता. सून गप्प झाल्यावर सासऱ्यांनी भिंगाखाली तिची उशी तपासली, सासूबाईंनी रोज कचरा उपसला. “काय झालं गं?” एवढं कुणाच्या तोंडून निघेना. वैतागून तिनं सगळ्यांदेखत बॅग भरून घर सोडलं. तुटक्या चाकाची बॅग फरफटवत ती कोपऱ्यावर वळली, तर खांबाआड नवरा, तिनंच वाढदिवसाला दिलेली खोटी मिशी लावून! तिची तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो मिशीवाले, निदान बॅग तरी धरा!” त्यानं मिशी खिशात घातली, बॅग उचलली. “काय झालंय तुला?” तिला रडू कोसळलं. टपालपेटीआडून सासरे कडाडले, “विचारलंस? घराण्याचं नाक कापलंस!” मोटारीमागून सासूबाई ओरडल्या, “गप्प बसा! सांगू द्या तिला. महिनाभर कचऱ्यात हात घालतेय मी!”