पंचवीस रुपयांचं आगळ

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा, आमच्या सिल्वासातली एक आंबटगोड गोष्ट ऐकवतो. प्रमिलावहिनी मोबाइलवरून कोकमाचं आगळ विकतात. काल कीर्तनाला निघायच्या घाईत एक शून्य टाकायचं राहिलं, आणि अडीचशेची बाटली पंचवीसला लागली. सकाळी बघतात तर पार खेरडीपर्यंतच्या लोकांनी वर्षाचा साठा बुक केलेला!

"चूक झाली म्हणून कळव आणि रद्द कर," त्यांचे यजमान रमाकांतराव म्हणाले. "कुणी फाशी देत नाही."

"अहो, कालच बुवांनी स्वप्नातला शब्द पाळणाऱ्या राजाचं आख्यान लावलं. मी डोळे पुसत ऐकलं. आणि आज भाव फिरवू?"

वहिनी बाटल्या भरायला बसल्या. पहिलीच ऑर्डर वीस बाटल्यांची, आणि नाव बुवांचं! त्यांनी थेट फोन लावला.

"बुवा, भाव बघून चूक असेल असं नाही वाटलं?"

"वाटलं ना, माउली! पण काल तुम्हाला पुढच्या रांगेत डोळे पुसताना बघितलं, म्हणून तर धीर झाला."

तेव्हा सोलकढीचा घोट घ्याल, तर आमच्या वहिनींची आठवण काढा. बुवांना तर वीस बाटल्या संपेपर्यंत काढावीच लागणार आहे.