ट्यूबलाइटचा रंग

शाळेतल्या ट्यूबलाइटची चमक डोळ्यांवर येते म्हणून माझ्या रिद्धीला अँटिग्लेअर काचांचा चष्मा करून दिला, तरी ती रोज डोकं धरूनच घरी यायची. मी विचारायला गेले तर चष्मेवाले गुणवंतराव चारचौघांत हसले. "काच चांगलीच आहे बाई, पोरगीच नाटक करून राह्यली. शिकल्या-सवरल्या आया लाडच लई करतेत."

मी घरी आले. दोन रात्री मोबाइलवर वाचत बसले आणि मग पोंभुर्ण्याच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली. ते चारचौघांत हसले होते. मला त्याहून जास्त माणसं हवी होती.

बाजारच्या दिवशी दुकान गच्च भरलं होतं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेवर पडेल असा रिद्धीचा चष्मा धरून मी मोठ्यानं विचारलं, "भाऊ, खऱ्या अँटिग्लेअरमधी ट्यूबलाइट हिरवट दिसते म्हणतेत. याच्यात पांढरीफट काऊन दिसते?"

त्यांच्याकडूनच अँटिग्लेअर घेतलेल्या सगळ्यांनी आपापले चष्मे उतरवून वर धरले. "माह्यातबी पांढरीच," कोणीतरी म्हणालं. मग दुसरं. मग तिसरं.



हिरवी ट्यूबलाइट फक्त एकाच चष्म्यात होती. तो गुणवंतरावांच्या नाकावर होता.