कंपनीचं बेट

यंदा कनकलताने कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, खालच्या पायरीपुढे समुद्र केला होता, आणि नागलक्ष्मीला तो दारातूनच दिसला.

निळ्या कागदाचा समुद्र, त्यात थर्माकोलची पांढरी बोट, बोटीपुढे खऱ्या वाळूची तीन बेटं. वरच्या नऊ पायऱ्यांवर देव, राजे आणि संत आपापल्या जागी मुकाट बसले होते, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. राजम आणि अंबा कपाळावर ताजं कुंकू घेऊन वाळूपाशी वाकल्या होत्या. मागच्या वर्षापर्यंत तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीतल्या बायका नवरात्रात वाकायच्या त्या नागलक्ष्मीच्या कोलूपाशी.

"या अक्का, बसा," कनकलता म्हणाली. "हरभऱ्याचं सुंडल आणते."

"आणशील गं सावकाश. आधी बोट बघू दे."

नागलक्ष्मी जमखान्यावर बसली आणि बोट बघू लागली. बोट चांगली झाली होती. हेच वाईट होतं.

उन्हाळ्यात कनकलता आणि तिचा नवरा शेषाद्री अमेरिकेला लेकीकडे गेले, आणि लेकीने त्यांना सात दिवस क्रूझवर पाठवलं. नागलक्ष्मीचा सुंदरही चार वर्षं अमेरिकेतच होता. तो 'हॉस्पिटॅलिटी ऑपरेशन्स'मध्ये होता. गल्लीत कुणालाच याचा अर्थ ठाऊक नव्हता, त्यामुळे हुद्दा मोठा आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. इतका मोठा, की आईला तिकडे बोलवायला त्याला सवड होत नव्हती.

कनकलता क्रूझवर निघाल्याचं नागलक्ष्मीने त्याला फोनवर सांगितलं. त्याने "कुठली बोट, अम्मा?" असं दोनदा विचारलं. त्यालाही जळजळ झाली असणार, असं वाटून नागलक्ष्मीला लेकाबद्दल प्रेम दाटून आलं. क्रूझच्या धंद्याची सगळी अंडीपिल्ली त्यानेच तिला सांगितली होती. ती तिने उन्हाळ्यापासून नवरात्रासाठी जपून ठेवली होती.

"कनकलता, ही बेटं कुठल्या देशाची गं?"

"कंपनीचीच की, अक्का."

"मग तिथे राहतं कोण?"

"राहत कुणीच नाही."

"ऐकलंस, राजम? चार थांबे, त्यातले तीन कंपनीच्या बेटांवर. बोट त्यांची, वाळू त्यांची, खुर्ची त्यांची. गावात उतरवलं तर माणूस चार पैसे रिक्षावाल्याला देईल, फुलवालीला देईल. ते कशाला? आपलंच बेट, आपलंच दुकान! उद्या इथल्या टूरवाल्याने मोठं देऊळ सोडून आपल्याच आवारात एक गोपुर बांधलं, आणि म्हटलं हेच तंजावूर, तर?"

"अय्यो," अंबा म्हणाली. "मग आपल्याकडे कोण येणार?"

"आणि माणसंसुद्धा तीच. बोटीवर ताटं उचलणारे सकाळी आधी उतरतात, गवती टोप्या घालतात आणि बेटावरचे होतात. हो की नाही?"

"तुम्हाला बरंच ठाऊक आहे, अक्का," कनकलता हळू म्हणाली.

"सुंदर सांगतो. त्याच्या टेबलावरून जातं ना हे सगळं."

कनकलता उठून सुंडल आणायला गेली.

"समुद्र तर खरा होता ना?" ती परत आल्यावर राजमने विचारलं.

"होता."

राजमने सुस्कारा टाकला. नागलक्ष्मीला तो सुस्कारा झोंबला. एवढं सांगूनही या बाईला हेवा वाटतच होता.

मग तिचं लक्ष बोटीमागच्या भिंतीकडे गेलं. तिथे तीन फोटो चिकटवले होते. तिन्हींत कनकलता होती, दोनांत शेषाद्रीही. आणि तिन्ही फोटो उजवीकडून कात्रीने वेडेवाकडे कापलेले होते.

"हे का कापलंस?"

"चौकटीत बसेनात."

"चौकट कुठे आहे?"

चौकट नव्हती. चिकटपट्टी होती. नागलक्ष्मीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तिथे पाटी होती ना, बेटाच्या नावाची? तिन्ही फोटोंत एकच! एकदाच उतरलात आणि तीन साड्या बदलल्यास, खरं की नाही?"

राजम पहिल्यांदा हसली. अंबाही हसली.

"मोबाइलमध्ये अख्खे असतील. दाखव."

"राहू द्या, अक्का. सणाचा दिवस."

"सणाच्या दिवशी खोटं बोलू नये, म्हणून तर म्हणते."

"बरं. तुम्ही म्हणता तेच खरं," कनकलता म्हणाली. "एकच बेट होतं. काही बघितलं नाही आम्ही. झालं?"

इथे थांबली असती तर नागलक्ष्मी जिंकली होती. पण शत्रू शरण आला की त्याची हत्यारंही ताब्यात घ्यावीत, हे ती तीस वर्षांच्या शेजारातून शिकली होती. तिने तळहात पुढे केला आणि मागे घेतला नाही.

कनकलताने राजमकडे पाहिलं, अंबाकडे पाहिलं. मग त्या दोघींकडे पाठ करून मोबाइल उघडला आणि नागलक्ष्मीच्या तळहातावर ठेवला.

"तुम्हीच बघा. एकट्याच."

पहिल्या फोटोत पाटी नव्हती. उजवीकडे, खुर्च्यांमागे छत्री धरलेला एक माणूस होता, चेहरा गवती टोपीच्या सावलीत. दुसऱ्या फोटोतलं बेट वेगळंच होतं. टोपी तीच होती. पाठमोरा माणूस शेषाद्रीचा ओला टॉवेल पिळत होता. नागलक्ष्मीने पडद्यावरून बोट सरकवलं.

"काय दिसतं, अक्का?" राजमने मागून विचारलं. "आहे का पाटी?"

तिसऱ्या फोटोत कनकलता घोटाभर पाण्यात उभी होती, आणि काठावर, टोपी मागे सरकवून, तिच्या चपला दोन्ही हातांत धरून सुंदर हसत उभा होता.