हुकमाप्रमाणे

सोमवारी सकाळी अकरा वाजता महारवाड्यातली हौसा पहिल्यांदा वर्गात येऊन बसली. वर्षभर ती बाहेर पडवीत, खिडकीशी उभी राहून शिकत होती. आता सगळ्या मुलांना एकत्र बसवा, असा वरून हुकूम आला होता.

मंगळवारी पाढे चालू असताना शेजारची कुसुम पाटी उचलून पडवीत जाऊन बसली. बुधवारी मातीचे आंबे करायचे होते. हौसाने माती कालवायला घेतली आणि मुलींची अख्खी रांग उठली.

"कुठे निघालात गं?" करंदीकर मास्तरांनी विचारलं.

"हिच्याबरोबर बसलो तर आई घरात घ्यायची नाही, मास्तर."

"मग मीच जाऊ काय भायेर?" हौसा म्हणाली.

"तू हलायचं नाहीस. हुकूम आहे."

शुक्रवारपर्यंत सगळा वर्ग पडवीत गेला. आत मास्तर, फळा आणि हौसा एवढेच उरले.

शनिवारी सकाळी मास्तरांनी फळा उचलला आणि तोही पडवीत नेला. जाताना म्हणाले, "तू मात्र आतच थांब हो. हुकूम मोडता येत नाही."



बाहेर नवा धडा सुरू झाला, तेव्हा हौसा पुन्हा त्याच खिडकीशी उभी होती. या वेळी आतून.