चार नंबर

"आता फक्त नावं टाकायची राहिली," असं म्हणत अतुलने मोबाइल करिश्मासमोर धरला.

पडद्यावर एकाखाली एक सहा आकडे होते. महिनाभरात कुरमाघरात राहून गेलेल्या सहा बाया. अंगणवाडीच्या ओसरीवरून कुरमाघर समोरच दिसत होतं, काट्यांच्या कुंपणाआड, मातीचं, एका खोलीचं. पाळीच्या दिवसांत गावच्या बाया तिथे राहतात आणि पुरुष त्या कुंपणाला हातही लावत नाहीत. अतुलनेही लावला नव्हता. संस्थेने त्याला पेटी बसवायला पाठवलं, तेव्हा तो बाहेर उभा राहून ओरडून सांगत होता आणि आत खिळा ठोकला होता करिश्माने. ती गावची आशाताई.

पलीकडच्या गावात कुरमाघरात एका पोरीला साप चावला आणि सकाळपर्यंत कोणाला कळलं नाही, म्हणून ही पेटी. तिच्यात कॅमेरा नाही, आवाज टिपायची सोय नाही. वायफायच्या लहरी खोलीभर पसरतात. कोणी चाललं, बसलं, पडलं की त्या लहरी मोडतात आणि पेटीला समजतं. बायांचे संमतीचे अंगठे घेताना करिश्माने प्रत्येकीला हेच सांगितलं होतं. कोण आहे ते दिसत नाई, फक्त कोणीतरी आहे एवढं दिसते.

आता अतुल सांगत होता, तेही थोड्या कौतुकाने, की प्रत्येकीच्या चालण्याने लहरी वेगळ्या मोडतात. महिनाभरात पेटी सहाही जणींची चाल शिकली. आता नावं जोडली की यादी पूर्ण. एक प्रत संस्थेला, एक ग्रामपंचायतीला.

"तुमी तर म्हटलं होतं, ओळखू येत नाई," करिश्मा म्हणाली.

"तेव्हा येत नव्हतं, ताई."

त्याने बोट चौथ्या आकड्यावर ठेवलं. बाकीच्या चार-पाच दिवस राहून गेल्या होत्या. ही महिन्यात चारदा आली होती. मिळून अकरा दिवस. अतुलचा चेहरा गंभीर झाला. एवढं अंगावरून जाणं बरं नाही, तो म्हणाला. नाव कळलं तर उद्याच गडचिरोलीला तपासणी, आजच घरी निरोप.

करिश्माने तारखा पाहिल्या. चारही वेळा गुरुवार, दुपारी. गुरुवारी बाजार असतो. बाजारातून चैतू पिऊन येतो आणि त्याच्या हाताला जे लागेल ते बायकोच्या, बुधरीच्या पाठीत बसतं. बुधरीची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. हे गावातल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. बुधरी कुंपणाच्या आत आली की त्या सरकून जागा करून देत. तिचे दिवस आजवर कोणी मोजले नव्हते.

आजही गुरुवारच होता.

चैतू रस्त्यावरून सरळ ओसरीकडे आला. त्याने अतुलला वाकून रामराम केला.

"साहेब, थे पेटी आतलं सांगते म्हणते. माई बायको हाये का आत?"

चैतूने त्याला नीट समजावून सांगितलं, एखाद्या अधिकाऱ्याला सांगावं तसं. "मले जाता येत नाई तिथी. देवाचा कायदा हाये, मी मोडत नाई. पण तुमी पाहू शकता ना. महिन्यातून चारदा काऊन जाते थे? मले खोटं बोलून राह्यली का?"

अतुलने मोबाइलकडे पाहिलं. चौथ्या आकड्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. ही कोण, असं करिश्माला विचारायला त्याने तोंड उघडलं.

"चार नंबर म्हणजे मीच, सर," करिश्मा म्हणाली. "टाका नाव."

अतुल तिच्याकडे पाहत राहिला. दर बैठकीत, पाळीत घरीच राहा, कुरम्यात जाऊ नका, म्हणून बायांच्या मागे लागणारी हीच. चैतूला हसू आवरेना.

"आशाबाईच जाते कुरम्यात? मग आमच्या बायाइले काऊन शिकवते व?"

उद्या ही गोष्ट हातपंपावर जाईल, तिथून आरोग्य केंद्रात. करिश्माला ते दिसत होतं.

"जाते," ती म्हणाली. "घरी कोणी बसू देत नाई मले."

अतुलने नाव लिहिलं. लिहून होताच त्या नावासमोर हिरवा ठिपका लागला आणि अक्षरं उमटली: आत आहे.

त्याने मान वर केली. करिश्मा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"काय म्हणते पेटी?" चैतूने विचारलं.

"रेंज गेली," अतुल म्हणाला आणि मोबाइल छातीशी धरला. "आज काही दिसत नाही, भाऊ."

चैतू कुंपणापर्यंत गेला. काट्यांपासून वीतभर अलीकडे थांबला. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग खांद्यावरचा दुपट्टा झटकून, कोणाला तरी शिव्या देत घराकडे वळला.

तो दिसेनासा झाला तेव्हा मोबाइल थरथरला. अतुलने तो करिश्माकडे वळवला. तिने वाचलं:

'करिश्मा चाळीस मिनिटांपासून हललेली नाही. मदत पाठवायची का?'

खाली 'हो' आणि 'नाही'. अतुलचं बोट दोन्हींच्या मधे थांबलं होतं.

"झोपली हाये थे," करिश्मा म्हणाली. "झोपू द्या."