मिठाची विंडो

मंदाकिनी गेल्याचा फोन आला तेव्हा सुधीर ठाण्यातल्या आपल्या ऑफिसात एका गिऱ्हाइकाला विंडो निवडून देत होता.

विंडो म्हणजे स्फटिकाची चकती, नाण्यापेक्षा जरा मोठी. दोन चकत्यांच्या मधून द्रावण जातं, आरपार किरण सोडला की द्रावणात काय काय आहे त्याच्या रेघा उमटतात. कुठल्या द्रावणाला कुठली चकती, यावरच सुधीरचा धंदा चालायचा.

"पाणी असेल तर मिठाची घेऊ नका," तो सांगत होता. "तिच्यातून सगळं दिसतं, पण ती विरघळते. फ्लोराइडची घ्या. थोडं कमी दिसेल, पण टिकेल."

फोन डोंबिवली एमआयडीसीतून होता. मंदाकिनी, त्याची बायको, तिथल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं लॅब सांभाळत होती. सुरक्षा अधिकारी महेंद्र बोलत होता. मशीनमधल्या विंडो फुटल्या, दाबाखालचं गरम द्रावण उडालं. मॅडम गेल्या. त्यांच्या हाताखालची प्राची दारातून आत येत होती, तिच्या डोळ्यात गेलंय.

चौदाव्या दिवशी कारखान्याच्या समितीनं सुधीरला बोलावलं. आदल्या संध्याकाळी कल्याणच्या घरी मुलगी क्षिप्रा ताटावर नुसती बसून होती.

"बाबा, सगळे म्हणतायत आईनं चुकीची विंडो लावली. आईनं? माझ्याकडून दहावीत हे सगळं पाठ करून घेणाऱ्या आईनं?"

"जेव आधी."

"प्राचीचा डावा डोळा गेला, बाबा. तिची आई मला हॉस्पिटलात म्हणाली, तुझी आई सुटली, माझी पोर अडकली. मी काय बोलणार होते?"

सुधीरनं तिच्या ताटात भात वाढला. "उद्या मी बोलतो," तो म्हणाला.

समितीत तिघे जण होते. टेबलावर चकत्यांच्या, चिठ्ठ्या लावलेल्या दोन रिकाम्या डब्या आणि फ्लोराइडच्या दोन अखंड चकत्या ठेवल्या होत्या.

"बसा, सुधीरराव," महेंद्र म्हणाला. "तुमच्याशी हे बोलायला जड जातंय. मशीनमध्ये मिठाची जोडी होती, विरघळून फुटलेली. ही फ्लोराइडची जोडी टेबलावर होती. मॅडमनी स्वतःच्या हातानं बदलली असं दिसतंय. मॅडमची चूक, असं लिहावं लागेल."

"तिची नाही," सुधीर म्हणाला. "दोन्ही डब्या माझ्याकडून आल्या. मी चिठ्ठ्या उलट लावल्या. तिनं मिठाची समजून काढली ती फ्लोराइडची होती, आणि फ्लोराइडची समजून लावली ती मिठाची निघाली."

महेंद्रनं एक डबी उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

"तुमच्याकडून?" महेंद्रनं विचारलं. "अहो, मिठाचा माल तुम्ही फक्त मंगळवारी भरता. दोन जाती एका टेबलावर येऊ देत नाही. मी बघितलंय ना डोळ्यांनी. आम्ही चेष्टा करायचो, सोवळं पाळता म्हणून."

"त्या दिवशी घाई होती."

"दिसायला दोन्ही काचेसारख्याच," समितीतले एक गृहस्थ म्हणाले. "सांगितल्याशिवाय कळणार नाही."

"म्हणून तर चिठ्ठी असते," सुधीर म्हणाला. महेंद्रनं कागद पुढं केला. सुधीरनं तो वाचला नाही, खाली सही केली.

पोलिसांनी दोनदा बोलावलं. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून फोन घेईनाशी झाली. प्राचीची आई कल्याणला येऊन दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही. "पोरीचं लग्न ठरलेलं होतं," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

क्षिप्रानं पुण्याला राहायला जायची बॅग भरली. भिंतीवरचा आईचा फोटो काढून साडीत गुंडाळला.

"आईची चूक नव्हती, हे कळलं ते बरं झालं," ती म्हणाली. "नाहीतर मला आयुष्यभर प्राचीसमोर मान वर करता आली नसती."

"हो."

"पण तुझ्याशी कसं बोलू, ते मला कळत नाही. राग नाही बाबा, कळतच नाही."

"पोचलीस की फोन कर."

तिनं केला नाही.

महिन्यानं महेंद्रनं एक फोटो पाठवला. लॅबला मंदाकिनीचं नाव दिलं होतं. पाटीखाली डोळ्याला पट्टी बांधलेली प्राची फुलं ठेवत होती. सुधीरनं तो फोटो क्षिप्राला पुढं पाठवला. तिनं तो पाहिला, उत्तर दिलं नाही.

मग त्यानं मंदाकिनीचा त्या दिवशी सकाळी आलेला व्हॉइस मेसेज लावला. "अहो, फ्लोराइडमधून ती शेवटची रेघ दिसतच नाहीये. काढते आणि मिठाची लावते. दहाच मिनिटं, तेवढी टिकेल. ओरडू नका."

तो मेसेज पुसायचा अजून राहिला आहे.