दुसरा वाडगा

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या संघासाठी मुलं निवडत फिरणारा कोच मॅकरे लुईझियानातल्या ओडेलच्या स्वयंपाकघरात बसून कोळंबी-भेंडीच्या गंबोचे, म्हणजे दाट रश्शाचे, दोन वाडगे चापून गेला होता. जाताना म्हणाला होता, "मिस ओडेल, आजपासून तुमचा टेरेल माझा मुलगा." तेव्हापासून कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात टेरेल बाकावरच बसून होता, कारण चेंडू फेकायला मैदानात एका वेळी एकच खेळाडू असतो. पण यंदा चेंडू फेकणारा थोरला खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडला. आता नंबर टेरेलचाच.

नव्या हंगामाची जुळवाजुळव सुरू झाली आणि कोचचा फोन आला. "मिस ओडेल, टेक्सासहून एक मुलगा आईला घेऊन आपला संघ बघायला येतोय. तुमच्या हातचा गंबो पोटात गेला ना, की मुलाला आपल्याकडे पाठवायला बाई लगेच हो म्हणेल. आपल्या टेरेलच्या संघासाठी एवढं कराच."

ओडेलला वाटलं, खरंच की, टेरेलने फेकलेले चेंडू झेलायला कुणीतरी चांगला हवाच. भलंमोठं पातेलं गाडीत घालून ती कॉलेजात पोचली.

कोचने पहिला वाडगा संपवला, दुसरा भरायला पुढे केला आणि त्या बाईला म्हणाला, "आजपासून तुमचा मुलगा तो माझा मुलगा."

ओडेलच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने त्या बाईला विचारलं, "काय खेळतो हो तुमचा?"

"चेंडू फेकतो," बाई कौतुकाने म्हणाली. "आणि तुमचा?"

ओडेलने कोचकडे पाहिलं. तो रिकाम्या वाडग्यात बघत होता.

"माझाही तेच," ओडेल म्हणाली. "आणि तोही यांचाच मुलगा."